दुपट्ट्यातला फोन

दोन हजार बावीस साली शेषराव अठ्ठावन्न वर्षांचा होता, अन् आमच्या शेंदूरजनाघाटात त्याचा डावा कान कोणी उघडा पाहिलेला नव्हता. उन्हाळा असो की हिवाळा, डोक्याला पांढरा दुपट्टा गच्च बांधलेला, अन् दुपट्ट्याच्या आत डाव्या कानाशी मोबाईल खोवलेला. पाहणाऱ्याला वाटायचं, माणसाची दाढ सुजली आहे. गावात नवीन आलेल्या कंपाउंडरनं एकदा त्याला बोलावून दाढदुखीची गोळी दिली. शेषरावानं ती मुकाट्यानं गिळली, कारण त्या वेळी तो फोनवर होता अन् नाही म्हणायला तोंड मोकळं नव्हतं.

तो माझा ट्रक चालवायचा. संत्री भरायची अन् वरूड, मोर्शी, अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याच्या बाजारात टाकायची. माझं शिक्षण चौथी, त्याचं सातवी. पण ट्रक माझा असल्यामुळं हा फरक आमच्यात कधी निघाला नाही. म्हणजे मी निघू दिला नाही.

ड्रायव्हरकी त्याचं पोटापाण्याचं काम. जिवाचं काम वेगळंच होतं, सोयरिकी जुळवण्याचं. या रस्त्यावरच्या गावागावांत त्याची उठबस. कोणत्या घरी पोरगी लग्नाची आहे, कोणत्या घरचा पोरगा नुसताच गॉगल लावून फिरतो, कोणत्या सासूपुढं कोणाचं काही चालत नाही, सारं त्याला तोंडपाठ. त्यासाठी तो कोणाचा रुपया घेत नसे. लग्नात मांडवाखाली बोलावून टोपी-दुपट्टा दिला की झालं. डोक्याला बांधायचे सारे दुपट्टे असे लग्नातून आलेले. त्याच्या ट्रकवर क्लिनर टिकत नसे. नवा क्लिनर आला की आठ-पंधरा दिवसांत शेषराव त्याच्यासाठी पोरगी पाहायचा, अन् ते पोट्टं घाबरून पळून जायचं. शेवटी मी क्लिनर ठेवणं सोडून दिलं.

रस्त्यात वरातीची गाडी लागली तर तो ती कधी ओलांडत नसे. नवरदेवाला मागं टाकणं त्याला अशुभ वाटायचं. लग्नसराईत माझी संत्री बँडच्या मागं मागं अकोल्याला जात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

फोनच्या बाबतीत त्याचा एक कायदा होता. वाजलेला फोन उचलायचा, अन् आपण होऊन ठेवायचा नाही.

"फोन म्हंजे पाव्हना, दादाजी," तो मला म्हणायचा. "दारात आला तं बस म्हनाव लागते. अन् बसलेल्या पाव्हन्याले उठ म्हनता येत नाई. थो आपल्या मनानं उठला पायजे."

आता समोरचाही आमच्याच भागातला. त्याचाही तोच कायदा. त्यामुळं फोनवरचं काम संपे, पण फोन संपत नसे. आधी जेवले का, मग पाऊसपाणी, मग सोयरिकीचं बोलणं, अन् त्यानंतर सुरू व्हायचं, ठेवू का, ठेवा ना, नाही तुम्ही ठेवा, नाही नाही आधी तुम्ही. एकदा मी शेजारी बसलो होतो. बोलणं बडनेऱ्याला आटोपलं, अन् मूर्तिजापूर आलं तरी दोघं एकमेकांना ठेवा म्हणून राहिले होते. मी हात लांबवून फोन बंद करायला गेलो, तर त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसा मी कोणाच्या ताटातला घास काढून घेतला.

हा फोन त्याला कुठंही घेऊन जायचा. एकदा एका पोरीच्या बापाशी बोलत तो निघाला. पोरीचा बाप घरचा पत्ता सांगू लागला, मोठ्या पुलावरून डावीकडं या, मग शाळेवरून उजवीकडं. याचे कान फोनला अन् हात स्टेअरिंगला. कानानं जे ऐकलं ते हातानं केलं. गाडी थांबली ती पोरीच्या बापाच्या अंगणात. कणगी आडवी झाली, तुळशीवृंदावन थोडक्यात वाचलं. घरच्यांना वाटलं, पोराकडच्यांनी पसंतीची म्हणून ट्रकभर संत्री पाठवली. बाया हळदीकुंकू घेऊन बोनटला लावायला आल्या. शेषराव खाली उतरून समजावून सांगेपर्यंत अर्धा ट्रक गावात वाटला गेला होता. मी तावातावानं तिथं गेलो. त्या घरच्या म्हाताऱ्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला, अन् माझीच संत्री सोलून माझ्यापुढं ठेवली. ती खाल्ली अन् परत आलो. लग्न मात्र झालं, अन् चांगलं झालं. त्या लग्नातला दुपट्टा शेषराव बरेच दिवस बांधायचा.

फोन दुपट्ट्यात असतो हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. सोयरीक म्हणजे पुण्याचं काम, त्याला कोण अडवणार.

मग मशीन आली. अकोल्याच्या ज्या कंपनीला आम्ही माल द्यायचो, तिनं नियम काढला की साऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरा पाहिजे. माझा मुलगा प्रमोद अकोल्यात जठारपेठेत राहतो अन् तिकडचा व्यवहार पाहतो. त्यानं ती बसवून आणली. काचेला चिकटलेली इवलीशी काळी डबी. ड्रायव्हरनं फोन कानाला लावला, डोळे मिटले, मान वळवली, की ती बाईच्या आवाजात हिंदी बोलायची अन् कंपनीत तक्रार पाठवायची. मी प्रमोदला सांगितलं होतं, माझ्या ट्रकमध्ये परकी बाई नको. त्यानं ऐकलं नाही. कंपनीचा नियम साफ होता. तीन तक्रारी झाल्या की ड्रायव्हर गाडीवरून खाली.

शेषरावाला त्या वयात दुसरी गाडी कोण देणार होतं? अन् गाडीशिवाय शेषराव म्हणजे काय, ते त्यानंच मला सांगितलं होतं. "स्टेरिंग सुटलं तं मी ओसरीवरचा बुढा होतो, दादाजी. येनाऱ्या-जानाऱ्याले कुठं चालले इचारनारा."

मशीनला तो बाई म्हणायचा. सकाळी केबिनमध्ये चढला की आधी तिला राम राम. पहिल्या दिवशी ती नुसतं कृपया सीट बेल्ट लगाइए म्हणाली, तर हा म्हणतो, सासरी नांदेल, बोलणं मऊ आहे.

पण पहिल्याच आठवड्यात तक्रार गेली. फोन का प्रयोग. अन् ती फोनची नव्हती. आमच्याकडं रस्त्यात देऊळ लागलं की ड्रायव्हर उजवा हात कपाळाला लावतो, मग कानाच्या पाळीला, मग छातीला. पिढ्यान्‌पिढ्याची सवय. मशीनला दिसला कानाला गेलेला हात. डाव्या कानाला दुपट्ट्याच्या आत खराखुरा फोन चालू होता, पलीकडं कोणीतरी मुलीची उंची सांगत होतं, ते तिला काही दिसलं नाही. शेषरावाला फार लागलं ते. मारुतीसमोर आपल्याला चोर ठरवलं म्हणाला.

दुसरी तक्रार महादेवाची. तीही तशीच.

तिसरी झाली की संपलं. म्हणून मी त्याला सांगितलं, नमस्कार मनातल्या मनात कर. त्यानं करून पाहिला. मनातल्या मनात करायचा म्हणजे त्याला डोळे मिटावे लागत. मी शेजारी होतो, मोर्शीच्या अलीकडं, समोरून उसाची ट्रॉली, अन् या गड्यानं डोळे मिटले. बाई ओरडली, आपको नींद आ रही है. मी तिच्याहून मोठ्यानं ओरडलो, त्यानं लगेच डोळे उघडले, म्हणून तक्रार जाता जाता राहिली. मग त्यानं तिसरा मार्ग काढला. प्रत्येक देवळाशी ट्रक उभा करायचा, खाली उतरायचं, रीतसर पाया पडायचं, पुन्हा चढायचं. आता या रस्त्यावर देवळं किती, तुम्ही कधी गेला असाल तर ठाऊक असेल. संत्री अकोल्यात पोचेपर्यंत बाजार उठलेला असायचा. तरी मी बोललो नाही. त्याचा नमस्कार त्याच्या जागी बरोबर होता. माझ्या मते मशीन चुकत होती, अन् मी चौथी शिकलेला असलो तरी चूक कोणाची ते मला कळतं.

दुपट्ट्यातला फोन मात्र चालूच होता.

मूर्तिजापूरच्या पुढं एका फाट्यावर आत गाव आहे. तिथला पुंडलिक, वांगी अन् मेथी पिकवणारा, स्वतःच मोटारसायकलवर टोपल्या बांधून बाजारात नेणारा. त्याचा पोरगा पुण्याला कंपनीत. त्या पोराची सोयरीक शेषरावानं मोर्शीकडच्या एका घरी जुळवत आणली होती. हिवाळ्यातली दुपार होती. शेषराव भरली गाडी घेऊन अकोल्याकडं निघालेला, अन् पुंडलिक त्याला भरतासाठी वांगी द्यायला मोटारसायकलवर फाट्याकडं येत होता. दोघं फोनवर. ह्याचा फोन दुपट्ट्यात, तो मान वाकडी करून, फोन खांद्यात दाबून. वाकड्या मानेनं रस्ता वाकडाच दिसत असणार. तारीख ठरली, मांडव ठरला, जेवण कोणाकडं तेही ठरलं. सारं काम केव्हाच संपलं होतं. पुढचं मी दोघांच्याही तोंडून ऐकलं आहे, अन् दोघांचं जुळतं.

"बरं मंग, ठेवू का?" पुंडलिक म्हणाला.

"ठेवा ना भाऊ."

"नाई, आधी तुमी ठेवा. तुमी मोठे."

"मोठा कायचा? तुमी पोराचे बाप. तुमी ठेवा."

"ठेवतो ना. बापा, समोरून कोनाचा तरी ट्रक निरा अंगावर येऊन राहिला."

"ट्रकवाले असेच रायतात, पुंडलिकभाऊ. जरा संभाळून."

त्याच वेळी मशीनमधली बाईही ओरडली, आगे टक्कर का खतरा. शेषरावाला दोन्ही ऐकू आलं. दोघांतून त्यानं पाव्हण्याचं ऐकलं.

मोठा आवाज झाला. ट्रक रस्त्यात तिरपा होऊन थांबला.

"ठेवू नका, पुंडलिकभाऊ," शेषराव म्हणाला, "थांबा जरा. माह्या गाडीले कोनतरी धडकलं."

"मलेबी कोनं तरी उडवलं हो. नालीत पडून हाय."

"लागलं का?"

"पाय कुठं गेला, समजून नाई राहिलं."

"कोनत्या नालीत हा तुमी?"

"फाट्याच्या."

शेषराव खाली उतरून नालीपाशी गेला. आत पुंडलिक उताणा पडलेला, सभोवती वांगी, अन् फोन कानाला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, तरी फोनवरच बोलले. दिसलो का, पुंडलिक म्हणाला. दिसले, शेषराव म्हणाला. मग त्याची नजर पायाकडं गेली. गुडघ्याखाली पाय भलत्याच दिशेला वळला होता.  त्यानं पुंडलिकाला लहान लेकरासारखं उचललं, केबिनमध्ये निजवलं, अन् अकोल्याच्या दवाखान्यापर्यंत गाडी कशी आणली ते त्याला सांगता येत नाही. त्या साऱ्या वेळात फोन चालूच होता. दोघांपैकी कोणीच ठेवला नाही. शेवटी तो बॅटरीनं ठेवला.

मी संध्याकाळी अकोल्याला पोचलो. पुंडलिकाचा जीव वाचला होता, पाय राहणार होता, पण सळया टाकाव्या लागल्या होत्या. हा हंगाम तर गेलाच, पुढचाही चालत पाहता येईल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. शेतात वांगी उभी. घरी बायको एकटी.

प्रमोद मोबाईल घेऊन धावत आला. मशीनचा रिपोर्ट आला होता. ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर, फोनचा वापर नाही. कंपनी म्हणते, ड्रायव्हरची काही चूक नाही. वर हिरवा स्टारही दिला होता.

"काका, तुम्ही सुटले," प्रमोद म्हणाला.

"पुन्हा पाह्य," शेषराव म्हणाला.

प्रमोदनं पुन्हा पाहिलं. तेच होतं.

"देवाले हात लावला तं चोर," शेषराव म्हणाला, "अन् मानूस उडवला तं साव."

तो कॉटच्या पायथ्याशी खाली फरशीवर बसला. पुंडलिक त्याची समजूत घालू लागला. तो म्हणाला, फोनचं कोणापुढं बोलू नका. माझ्याही खांद्यात फोन होता. चूक माझी, मीच आधी ठेवायला पाहिजे होता. शेषराव म्हणाला, चूक माझी, बाई ओरडली होती. पुंडलिक म्हणाला, बाई तुमची, पण ट्रक दिसला तो मला. दोघं चुकीवरून असे भांडू लागले जसे लोक हॉटेलात चहाच्या बिलावरून भांडतात. मधून मधून दोघंही रडत. शेजारच्या कॉटवरचा पेशंट उठून बसला अन् म्हणाला, नेमकी ठोकली कोणी ते एकदाचं ठरवा, मला झोपायचं आहे.

 माझ्या मनात होतं की माणूस वाचला, मशीनही आपल्या बाजूनं आहे, गाडी उद्या निघेल. मालकाच्या मनात असंच येतं.

मग शेषरावानं डोक्याचा दुपट्टा सोडला. आत फोन होता, प्रमोदच्या चार्जरवर मघाशी थोडा जिवंत केलेला. तो त्यानं पुंडलिकाच्या हातात दिला.

"आता हे तुमी सांभाळा. तुमाले कुठं जायचं नाई, काही चालवायचं नाई. साऱ्या जिल्ह्यात तुमच्याहून निवांत मानूस नाई."

पुंडलिक नको नको म्हणत होता, तेवढ्यात फोन वाजला. कोणी पोरीचा बाप होता. वाजलेला फोन ठेवणार कसा? पुंडलिकानं उचलला अन् सळया घातलेल्या पायाकडं पाहत म्हणाला, जेवले का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अन् प्रमोद जठारपेठेत घराच्या ओट्यावर चहा घेत होतो. शेषराव आला. डोकं उघडं. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा डावा कान पाहिला. तो गोरा होता, अन् एखाद्या लहान पोराचा असावा तसा नवा दिसत होता. त्यानं ट्रकची चावी माझ्या बशीशेजारी ठेवली.

"चौकीत सांगून आलो," तो म्हणाला. "कानात फोन होता म्हून. गाडी मी चालवून नोयतो राहिलो, दादाजी. सोयरीक चालवून राहिलो होतो."

प्रमोद म्हणाला, काका, तिसरी तक्रार झालेलीच नाही, रिपोर्ट साफ आहे.

"तिसरी मीच करून राहिलो. लिहून पाठव कंपनीले."

मला राग आला. मी म्हणालो, ट्रक माझा आहे, त्यावर कोण बसेल अन् कोण उतरेल ते मी ठरवीन, कंपनी नाही अन् तूही नाही. चावी उचल. मी हे दोनदा म्हणालो, अन् माझं म्हणणं दोनदा न ऐकणारा माणूस मी पाहिलेला नाही.

"गाडी तुमची," शेषराव म्हणाला. "कान माहा."

कुठं जातो विचारलं तर म्हणाला, पुंडलिकाची वांगी तोडायला. बाजारात डोक्यावर नेईन. अन् चहाला न थांबता, मी बस म्हणत असताना, तो निघून गेला.

मी चप्पल घालून त्याच्यामागं रस्त्यापर्यंत गेलो. मूर्तिजापूरकडं जाणारी काळीपिवळी जीप भरून उभी होती. आत माणसं, वर पोती, मागं लोंबकळणारे वेगळे. शेषराव पुढच्या दाराशी गेला, अन् थांबला. ड्रायव्हरच्या कानाला फोन होता. एका हातानं गिअर टाकून गाडी हलवायच्या बेतात. शेषराव दारातून मागं आला अन् सरळ बोनटसमोर जाऊन उभा राहिला.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. शेषराव हलला नाही. लोक ओरडू लागले. दूधवाला म्हणाला, मरायचं आहे का बुवा, मरायचं असेल तर रेल्वेवर जा. टोपलीवाली एक बाई म्हणाली, हटा ना हो बाप्पा, मेथीचा पाला होऊन राहिला. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला, दोन मिनिटांचा फोन आहे, कामाचा आहे, चालता चालता बोलतो ना.

"बोल ना बापा, निवांत बोल," शेषराव म्हणाला. "मी काई घाईत नाई. तुहं झालं का हटतो."

अन् त्यानं बोनटवर दोन्ही हात टेकले, म्हशीला थोपवावं तसे. मागं ऑटोंची रांग लागली. कोणीतरी त्याच्या बाह्या ओढल्या. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो अन् ओळख दाखवत नव्हतो. शेवटी ड्रायव्हरनं चिडून फोन सीटवर फेकला. शेषराव हटला, दार उघडून पुढं चढला, तो फोन आपल्या बुडाखाली सरकवला, अन् त्याच्यावर नीट मांडी घालून बसला.

गाडी निघाली तेव्हा फोन त्याच्याखाली वाजत होता. सारे प्रवासी त्याच्याकडं पाहत होते, अन् शेषराव समोर रस्त्याकडं.